जुन्या पुस्तकांच्या संचावर वकिलीची बार परीक्षा कशी द्यायची

दारव्हा, चिमूर, धारणी, अहेरी अशा तालुक्याच्या कोर्टात नव्यानं उभं राहणाऱ्याकडे पुस्तकांचा संच बहुधा कुणाकडून तरी आलेला असतो. कधी सीनियरच्या कपाटातून, कधी पाच वर्षं आधी पास झालेल्या ओळखीच्या मुलाकडून, तर कधी नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. सनद मिळाली की दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते, आणि नवा संच घ्यायला हाताशी पैसे नसतात. त्यात १ जुलै २०२४ ला तिन्ही फौजदारी कायदे बदलले : भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. मग जुना संच रद्दीत घालायचा की वापरायचा, हा प्रश्न पडतो.

वापरायचा. मात्र त्यातलं काय जिवंत आहे, काय मेलं आहे आणि काय अर्धवट बदललं आहे, हे आधी निवडून घ्यायचं. खाली त्याच क्रमानं लिहिलं आहे.

पायरी १ : आधी गुण मोजा

परीक्षेत १०० बहुपर्यायी प्रश्न असतात, प्रत्येकी एक गुण, आणि चुकलेल्या उत्तराचा गुण कापला जात नाही. पास होण्यासाठी खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. तुमच्या पुस्तकात ४० आणि ३५ टक्के छापले असतील तर पुस्तक डिसेंबर २०२३ च्या परीक्षेआधीचं आहे, हे तिथेच कळतं.

आता विषयवार गुण तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग म्हणजे मुळापासून बदललेले विषय. फौजदारी प्रक्रिया १०, दंडविधान ८, पुरावा ८. एकूण २६ गुण.

दुसरा ढीग ठिगळं लावायचे विषय. अपकृत्य कायदा, मोटार वाहन आणि ग्राहक संरक्षण मिळून ५, कामगार कायदे ४, कर ४, लवाद आणि मध्यस्थी ४, भूसंपादन २, कंपनी २, सायबर २. एकूण २३.

तिसरा ढीग जुन्या पुस्तकावर चालण्यासारखा. संविधान १०, दिवाणी प्रक्रिया १०, कौटुंबिक कायदे ८, करार-मालमत्ता-विशिष्ट अनुतोष-परक्राम्य दस्तऐवज मिळून ८, जनहित याचिका ४, व्यावसायिक नीती ४, प्रशासकीय कायदा ३, पर्यावरण २, बौद्धिक संपदा २. एकूण ५१.

म्हणजे जुन्या संचातला निम्मा भाग आजही कामाचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. दहा वर्षांपूर्वीच्या चांगल्या पुस्तकातलं रेस ज्युडिकाटाचं (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा न चालवण्याच्या तत्त्वाचं) विवेचन आज शिळं होत नाही. तरी ५१ गुण आहेत म्हणून तेवढ्यावरच भिस्त ठेवू नका. त्यातले दहा-बारा कुणाचेही चुकतात, आणि मग ४५ ची रेषा हातातून निसटते.

पायरी २ : मूळ कायदा मिळवा, तोही खरा

नवीन गाइड घ्यायची घाई करू नका. बदललेल्या भागासाठी कायद्याचा नुसता मजकूर, म्हणजे बेअर अॅक्ट, लागतो आणि तो फुकट मिळतो. केंद्र सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर तिन्ही कायदे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं ‘संकलन’ नावाचं अॅप आहे. त्यात जुनं कलम टाकलं की नवं कलम समोर येतं, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. मेळघाटात किंवा भामरागडकडे राहणाऱ्यांनी तालुक्याला आलात की हे दोन्ही आधी मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. गावात रेंज येईल तेव्हा बघू, असं म्हटलं की महिना जातो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. हे कायदे विधेयक म्हणून ११ ऑगस्ट २०२३ ला मांडले गेले, ती विधेयकं मागे घेतली, डिसेंबरमध्ये नवी मांडली आणि २५ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मधल्या काळात ऑगस्टच्या मसुद्याच्या पीडीएफ सगळीकडे फिरल्या आणि आजही व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. त्यांतले कलमांचे आकडे चुकीचे आहेत. ओळखायचं कसं? खुनाची शिक्षा उघडून बघा. कलम १०३ असेल तर कायदा खरा, १०१ असेल तर तो मसुदा. फसवणूक ३१८ ला असली पाहिजे. ३१६ ला दिसली तर फाइल डिलीट करा. शेवटच्या कलमाचा आकडाही तपासा : भारतीय न्याय संहिता ३५८, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता ५३१, भारतीय साक्ष्य अधिनियम १७०. पहिल्या पानावर अनुक्रमे २०२३ चा अधिनियम ४५, ४६ आणि ४७ असं लिहिलेलं हवं.

वाचायची प्रत छापून घ्यायची असेल तर झेरॉक्सवाल्याला एका पानावर दोन पानं, पाठपोट असं सांगा. नागरिक सुरक्षा संहिता सगळ्यात जाड आहे, ती दोन भागांत बांधून घ्या. ही प्रत अभ्यासाची, तिच्यावर हवं तेवढं लिहा. परीक्षेला न्यायची प्रत वेगळी लागेल, त्याबद्दल शेवटी.

पायरी ३ : फौजदारीचे २६ गुण पेन्सिलीनं दुरुस्त करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आठ आठवडे हाताशी असतील तर निदान चार इथे जाऊ द्या.

जुनं पुस्तक आणि नवा बेअर अॅक्ट शेजारी उघडा. जुन्या प्रत्येक कलमाच्या समासात तीनपैकी एक खूण करा. नुसता आकडा बदलला असेल तर नवा आकडा लिहा. मजकूर किंवा शिक्षा बदलली असेल तर आकड्याखाली रेघ मारून बदल चार शब्दांत लिहा. कलमच गेलं असेल तर फुली. पेन नको, पेन्सिलच, कारण पहिल्या फेरीत चुका होतात.

उदाहरणासाठी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ घ्या, निष्काळजीपणानं मृत्यू. समासात १०६ लिहिलं आणि पुढे गेलात तर काम अर्धंच झालं. जुनी शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. नव्या १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना घडलं तर दोन वर्षांपर्यंत. वाहनचालक अपघात करून कळवल्याशिवाय पळून गेला तर काय, हे सांगणारं १०६(२) छापलेलं आहे, पण १ जुलै २०२४ ला बाकी कायदा लागू करताना ते बाजूला ठेवलं गेलं. एका कलमात प्रश्न काढण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. नुसता आकडा पाठ करणाऱ्याला त्यातली एकही येत नाही.

अशीच मजकूर बदललेली आणखी काही कलमं :

चोरी ३७९ वरून ३०३(२) ला आली. पाच हजारांहून कमी किमतीची वस्तू, पहिलाच गुन्हा आणि वस्तू परत केलेली, असं असेल तर शिक्षा समुदाय सेवेची. समुदाय सेवा हा शिक्षेचा प्रकारच कलम ४ मध्ये नव्यानं आला आहे. बदनामीच्या ३५६(२) मध्येही तो पर्याय आहे.

बलात्काराच्या व्याख्येतल्या पत्नीच्या अपवादात जुनं वय पंधरा होतं, नव्या ६३ मध्ये अठरा आहे.

४९८-अ (पत्नीचा छळ) दोन कलमांत विभागलं गेलं : शिक्षा ८५ मध्ये, क्रूरतेची व्याख्या ८६ मध्ये.

आत्महत्येचा प्रयत्न, जुनं ३०९, त्या रूपात राहिलं नाही. सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तरच २२६ लागतं. ३७७ (अनैसर्गिक संभोग) आणि ४९७ (व्यभिचार) ला फुली.

नवी म्हणून लक्षात ठेवायची : जमावानं वंश, जात, भाषा वगैरे कारणांवरून केलेला खून १०३(२), लग्नाचं खोटं वचन वगैरे फसव्या मार्गानं केलेला शरीरसंबंध ६९, संघटित गुन्हेगारी १११, दहशतवादी कृत्य ११३, हिसकावणं ३०४.

आता सगळ्यात घातक भाग : जुना आकडा नव्या कायद्यातही आहे, पण अर्थ दुसराच. भारतीय न्याय संहितेतलं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं काढलेले शब्द. ३०६ म्हणजे नोकरानं मालकाची वस्तू चोरणं. ३०७ म्हणजे जीव घेण्याची किंवा इजा करण्याची तयारी ठेवून केलेली चोरी. खुनाचा प्रयत्न १०९ ला आहे आणि आत्महत्येस प्रवृत्त करणं १०८ ला. तालुक्याच्या कोर्टात दिवसभर ‘तीनशे दोनची केस’, ‘तीनशे सातमध्ये जामीन’ असंच कानावर पडतं, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांनीच चालू आहेत. कान जुना आकडा शिकतो आणि पेपरात हात तिकडेच जातो. म्हणून या आकड्यांचा एक वेगळा कागद करून रोज सकाळी वाचा.

प्रक्रियेच्या कायद्यात हा घोळ आणखी मोठा आहे. चारच जोड्या पक्क्या केल्या तरी दोन-तीन गुण वाचतात.

१४४ : पूर्वी जमावबंदी, आता पोटगी. जमावबंदी १६३ ला गेली. जुनं पोटगीचं १२५ आता शिक्षा झाल्यावर शांतता राखण्यासाठी घ्यायच्या जामिनाचं कलम आहे.

१७३ : पूर्वी पोलिसांचा अंतिम अहवाल, आता एफआयआर. अहवाल १९३ ला.

४८२ : पूर्वी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, आता अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार ५२८ ला.

१०७ : गावातल्या भांडणात होणारी ‘चॅप्टर केस’ आता १२६ खाली होते, १५१ ची प्रतिबंधक अटक १७० खाली.

मजकुरातले बदल इथेही आहेत. एफआयआर कुठल्याही हद्दीतल्या ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानं दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, कलम १७३(३). सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं, १७६(३). झडती-जप्तीचं चित्रीकरण, १०५. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ झाला की सुटका, ४७९. खासगी फिर्यादीवर दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडण्याची संधी, २२३. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची दंडाची मर्यादा १०,००० वरून ५०,००० रुपये. समन्स घरच्या ‘प्रौढ पुरुषा’कडेच द्यायचं होतं, आता कुटुंबातल्या कोणत्याही प्रौढाकडे चालतं.

पुराव्याचा कायदा त्या मानानं सोपा आहे, कारण बहुतेक ठिकाणी फक्त आकडे सरकले. मृत्युपूर्व जबानी ३२ वरून २६, तज्ज्ञाचं मत ४५ वरून ३९, पुराव्याची जबाबदारी १०१ वरून १०४, विबंध (आधीच्या स्वतःच्या म्हणण्याला बांधील राहणं) ११५ वरून १२१. पण दोन जागा डोळे उघडे ठेवून वाचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब आता ६३ आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र अनुसूचीतल्या नमुन्यात दोन भागांत द्यायचं असतं, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं; त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे ओळखायचा संकेतांक) लिहावी लागते. दुसरी जागा सहअपराध्याची साक्ष, जुनं १३३. जुनं कलम म्हणत होतं की पुष्टी न मिळालेल्या साक्षीवर शिक्षा झाली तरी ती बेकायदेशीर नाही. नवं १३८ पुष्टी मिळालेल्या साक्षीबद्दल बोलतं. इंग्रजी मजकुरात फक्त एक उपसर्ग गळला आहे आणि अर्थ उलटला आहे. घाईत वाचणाऱ्याला तो दिसत नाही.

शेवटी तारीख. प्रश्नात गुन्ह्याची तारीख दिली असेल तर आधी ती बघा. ३० जून २०२४ पर्यंतच्या गुन्ह्याला जुनी दंड संहिता लागते. १ जुलैला जो तपास, खटला किंवा अपील प्रलंबित होतं ते ५३१(२) नुसार जुन्या प्रक्रियेनंच पुढे चालतं.

पायरी ४ : ठिगळांचे २३ गुण

यासाठी नवी पुस्तकं घेऊ नका. प्रत्येक विषयासाठी एक कागद करून जुन्या पुस्तकात तिथेच चिकटवा.

ग्राहक संरक्षण : पुस्तकात १९८६ चा कायदा असेल तर तो भाग बाद. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग त्यापुढे २ कोटींपर्यंत, त्यावर राष्ट्रीय आयोग. आणि मोजायची ती मोबदल्याची दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. कापसाचं बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याला कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, एवढं उदाहरण डोक्यात ठेवलं की कलम ३४ विसरत नाही.

भूसंपादन : १८९४ चा कायदा गेला, २०१३ चा १ जानेवारी २०१४ पासून आहे. जुनं कलम ४ ची अधिसूचना आता ११, जुनं ६ आता १९, आणि आपल्याकडे सगळे ‘अठराचा रेफरन्स’ म्हणतात तो, म्हणजे भरपाई मान्य नसल्यास प्रकरण पुढे पाठवण्याचा अर्ज, ६४. दिलासा रक्कम ३० टक्क्यांवरून १०० टक्के.

मोटार वाहन : २०१९ च्या दुरुस्तीनंतर १६३-अ नाही, १६४ खाली मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. दावा अपघातापासून सहा महिन्यांत.

कामगार : चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा. औद्योगिक विवाद कायद्याच्या संकल्पना, म्हणजे संप, टाळेबंदी, कपात, जुन्या पुस्तकातून समजून घ्या; कलमं नव्यातून.

कर : वस्तू व सेवा कर जुलै २०१७ पासून. आयकराचा २०२५ चा नवा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून, त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ यांऐवजी ‘कर वर्ष’ आहे. चार गुणांसाठी याहून खोल जाऊ नका.

सायबरमध्ये ६६-अ (ऑनलाइन आक्षेपार्ह संदेश) ला फुली मारा, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. लवादाच्या कायद्याला २०१५, २०१९ आणि २०२१ च्या दुरुस्त्या जोडा, शिवाय २०२३ चा मध्यस्थी अधिनियम.

तिसऱ्या ढिगातही दोन-तीन टाचण्या लावा : विशिष्ट अनुतोषाची २०१८ ची दुरुस्ती, धनादेश न वटल्याच्या खटल्यात २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देणारं १४३-अ, आणि व्यावसायिक नीतीत सनद शुल्काबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निर्णय, ज्यात ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून जास्त घेता येणार नाही असं ठरलं.

पायरी ५ : जुन्या प्रश्नपत्रिका फेकू नका, फिरवा

डिसेंबर २०२३ पर्यंतचे पेपर जुन्या कायद्यांवर आहेत. दिवाणी, संविधान, करार यांचे प्रश्न आहेत तसे सोडवा. फौजदारीचे रोज पंधरा घ्या आणि प्रत्येक प्रश्न नव्या कायद्यात पुन्हा लिहा : नवं कलम कोणतं, चारही पर्याय आता कोणते होतील, उत्तर तेच राहतं का. पुस्तकामागची उत्तरसूची झाकून ठेवा. ती जुन्या कायद्याची आहे, आणि एकदा वाचलेलं चुकीचं उत्तर डोक्यातून सहजी जात नाही. प्रश्न फिरवायला प्रत्येकी चार-पाच मिनिटं लागतात, पण त्यात बेअर अॅक्टची पानं इतक्यांदा उलटली जातात की कोणतं प्रकरण कुठे आहे हे हाताला कळू लागतं. पेपरात दर प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं असतात, तिथे हाताची ही सवयच कामी येते.

पेपर मराठीतून देता येतो, पण निवड अर्ज भरतानाच करायची असते. ज्या भाषेतला बेअर अॅक्ट तुम्ही रोज वाचता तीच भाषा निवडा. मराठी घेतली तरी दखलपात्र, तडजोडयोग्य, विबंध, परंतुक अशा शे-दीडशे शब्दांची इंग्रजी जोडी पाठ ठेवा. अनुवादात शंका आली तर मूळ शब्द आठवावा लागतो.

पायरी ६ : परीक्षेच्या दिवसाची तयारी

परीक्षेला बेअर अॅक्ट नेता येतो, पण टिपा, भाष्य किंवा हातानं लिहिलेलं काहीही असलेला नाही. पेन्सिलीनं रंगवलेली प्रत दारातच काढून घेतील. म्हणून तीन नवे फौजदारी कायदे, संविधान आणि दिवाणी प्रक्रिया यांच्या कोऱ्या प्रती तरी जमवा. पैसे खर्च करायची खरी जागा ही आहे. दोघा-तिघांत मिळून घेऊ नका, हॉलमध्ये देवाणघेवाण चालत नाही. काही प्रतींच्या सुरुवातीला जुन्या-नव्या कलमांचा तक्ता छापलेला असतो. तो चालेल की नाही हे पर्यवेक्षकावर सोडू नका, तक्ता नसलेली प्रतच घ्या. पानं खुणावायच्या चिकटपट्ट्यांबद्दल प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा.

२०२४ आणि २०२५ च्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाल्या. तेव्हा घरी कापसाची वेचणी असते, म्हणून जड अभ्यास, म्हणजे पायरी ३, दिवाळीच्या आधी उरका. नागपूर केंद्र मिळालं आणि हिवाळी अधिवेशन चालू असलं तर लॉजवर खोली मिळणं अवघड होतं. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी राहायची सोय बघा. सिरोंचा, एटापल्ली, धारणीकडून सकाळच्या बसनं निघून वेळेत पोचण्याचा विचारही करू नका, आदल्या दिवशीच पोचा.

उत्तरपत्रिका ओएमआर असते, म्हणजे उत्तराचा गोल भरायचा असतो. आधी तिसऱ्या ढिगाचे प्रश्न सोडवा, त्यांना पुस्तक उघडावं लागत नाही. मग फौजदारी, बेअर अॅक्ट समोर ठेवून. शेवटी ठिगळांचे विषय. दर दहा प्रश्नांनंतर प्रश्न क्रमांक आणि गोल क्रमांक जुळवा, कारण क्रम सोडून सोडवताना एक गोल सरकला तर पुढचे सगळे सरकतात. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि उरलेले सगळे गोल भरा.